उलटा भोवरा

कापणीचे दिवस आले की मी शेताकडची खिडकी लावून घेते. आमच्या घरात हा थट्टेचा विषय आहे. सगळ्या जगाला नव्या भाताचा वास आवडतो आणि आमची ही म्हातारी मात्र नाकाला पदर लावून बसते, असं माझा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. सांगू दे. कापलेल्या पेंढ्यांचा तो ओलसर, गोडूस, थोडासा कुबट वास आला की माझा घसा सुकतो. मी स्वयंपाकघरात जाते, तांब्याभर पाणी घेते आणि एकेक घोट नीट गिळून बघते. पाणी सुरळीत खाली उतरलं की मग मला बरं वाटतं. सत्तरी उलटली तरी ही खोड गेलेली नाही.

यंदा अशीच खिडकी लावत होते, तर नात मोबाईल घेऊन आली. कुणीतरी कुठेतरी क्रोशाने कुत्री-मांजरं विणून विकतं. आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवायचा, की हुबेहूब तसाच कुत्रा विणून घरी येतो. कान तसेच, ठिपके तसेच. "आजी, तुझी माय असंच करायची ना?" तिने विचारलं. मी चष्मा लावून बघितलं. काम सुबक होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. तरी मी म्हटलं, "फोटोवरून? हातात न घेता?" नातीला हे कळलं नाही. तिला वाटलं, आजीला नवीन काहीच आवडत नाही. ते खरंही आहे, पण ह्या बाबतीत कारण वेगळं होतं.

माझी माय, कारमेल तिचं नाव, गोव्याकडची. लग्न होऊन मालवणजवळच्या आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीत आली तेव्हा ट्रंकेत दोन साड्या आणि क्रोशाच्या सुयांची एक पुरचुंडी घेऊन आली, असं पाय सांगायचे. पाय म्हणजे माझे वडील. ते बोटीवर आचारी होते आणि वर्षावर्षाने घरी यायचे. वाडीत चार-पाच घरं आम्हा ख्रिस्तांवांची, बाकी सगळी हिंदूंची. देऊळ आणि कपेल यांच्यामध्ये फक्त एक नारळाची बाग होती. माय कपेलातल्या वेदीसाठी झालरी विणायची, कुणाच्या बारशाला टोपरं विणायची. जनावरं विणायला लागली ती एका मांजरामुळे.

मे महिन्याच्या शेवटी मुंबईला परतणाऱ्या एका चाकरमान्याची पोर मांजराला सोडून बोटीत चढायला तयार होईना. रडून रडून तिला ताप भरला. मुंबईच्या खोलीत माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, तिथे मांजर कुठे न्यायचं? मायने ते मांजर दोन दिवस मांडीवर घेऊन तसंच्या तसं विणलं, एक मिशी तुटकी होती तीसुद्धा तुटकीच ठेवली. पोर ते उराशी धरून मुकाट बोटीत चढली. मग काय, पुढल्या वर्षापासून निरोप यायला लागले. कुणाला गोठ्यातला पाडा हवा, कुणाला आईच्या पायाशी बसणारी मांजरी हवी. घर सोडून गेलेल्या माणसांना घरातलं काय काय आठवतं, हे आमच्या मायला वाडीत सगळ्यात जास्त ठाऊक असेल.

पांढरा दोरा ती कधी चहाच्या पाण्यात, कधी काजूच्या सालीच्या काढ्यात उकळायची. आमच्या न्हाणीजवळ तपकिरी, तांबूस, राखाडी लडी वाळत असायच्या. आत भरायला सावरीचा कापूस. पण खरं काम दोऱ्याचं नव्हे, बोटांचं. ती जनावर मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची आणि त्याच्या अंगावरून हात फिरवत राहायची. "आधी हाडा गावाक व्हयी," म्हणायची, म्हणजे आधी हाडं हाताला लागली पाहिजेत. "केस काय, मागसून येतत." मग एका दोऱ्याने कान, पाय, शेपूट मोजून त्या त्या ठिकाणी गाठी मारायची. प्रत्येक जनावराचा एक गाठींचा दोरा. आणि विणताना जरा जरी कमी-जास्त वाटलं की सरळ उसवायची. दोन दिवसांचा पाय एका झटक्यात उसवताना तिला काहीच वाटत नसे. रडू मला यायचं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी आठ-नऊ वर्षांची. त्या वर्षी गणपतीला आलेला सरूकाकीचा नवरा मुंबईला परत जाताना कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून उगाच उभा राहिला होता. सरूकाकी आमच्या दगडी गडग्यापलीकडची. तिचा नवरा गिरणीत. मूलबाळ नव्हतं. कुत्र्याचं नाव तिने बाळगो ठेवलं होतं, आणि ते नाव ठेवताना ती हसली होती की नव्हती, हे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. तांबूस रंगाचा, छातीवर पांढरा, अंगाने भरलेला कुत्रा. नवऱ्याची घोंगडी वर्षातले अकरा महिने त्याच्याच अंगाखाली असायची. कापणी सुरू झाली तेव्हा सरूकाकी मायकडे आली आणि म्हणाली, "कारमेलबाय, माका बाळगो करून दी. तेंका मुंबयक धाडूचो आसा."

बाळगोचं माप घ्यायला माय आमच्या ओसरीवर बसली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सगळीकडे पेंढ्यांचा वास, उन्हाने डोळे दुखत होते. मायची बोटं त्याच्या छातीवर येऊन थांबली. तिने डोळे उघडले आणि केस बाजूला सारून बघितलं.

"हेचो भोवरो उलटो आसा गो सरू. असलो मी अजून बघूक नाय."

"तो सगळ्यातच उलटो," सरूकाकी कौतुकाने म्हणाली.

हे मायच्या दृष्टीने सोपं नव्हतं. क्रोशाचे टाके गोल गोल घालत गेलं की ते एकाच बाजूला वळत जातात. भोवरा दुसऱ्या बाजूला वळवायचा तर ते विणलेलं सगळं उलटं करून आतली बाजू बाहेर घ्यावी लागते, आणि आतली बाजू सुबक दिसावी म्हणून सगळं वेगळ्या रीतीने विणावं लागतं. मायने पहिल्यांदा छातीच करायला घेतली. अवघड ते आधी, असा तिचा खाक्या होता.

त्याच दिवसांत एक परका पिसाळलेला कुत्रा वाडीतून गेला होता. पलीकडच्या वाडीत त्याला मारला खरा, पण त्याआधी तो कुठे कुठे घुसला, कुठल्या कुत्र्यांशी भांडला, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. एक वासरू मात्र तोंडाला फेस येऊन मेलं. बाळगोच्या मानेवर एक ताजा ओरखडा होता. सरूकाकी म्हणाली की तो कुंपणाचा. आणि माय दुसऱ्यांदा माप घेत होती तेव्हा गड्याने भाताचा भारा ओसरीच्या कडेला धप्पकन टाकला. बाळगो दचकला. मी त्याच्यासमोर भाताची वाटी धरून बसले होते. सगळ्यात जवळ माझा हात होता.

चावून झाल्यावर तोही गांगरला. मायच्या मांडीवरून उतरून पायरीखाली जाऊन बसला. माझ्या हातातून रक्त येत होतं आणि मी रडायचं सोडून मायच्या तोंडाकडे बघत होते. तिचा चेहरा असा झालेला मी कधी बघितला नव्हता. त्याआधी मला वाटायचं, मोठ्या माणसांना भीती वाटत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम कसल्याशा औषधाने जाळली. तो जळका वास आणि पेंढ्यांचा वास माझ्या डोक्यात कायमचे एकत्र बसलेत. मग त्यांनी मायला समोर बसवून सावकाश सांगितलं, "कुत्र्याला अजिबात मारू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. तो खात-पीत धडधाकट राहिला, तर मुलीला भीती नाही. जरा जरी बदलला, खाईना झाला, सुस्तावला, तर त्याच दिवशी हिला बेळगावला घेऊन निघा. पोटात इंजेक्शनं द्यावी लागतील. ती इंजेक्शनंही सोपी नाहीत, त्यांनीही कधी कधी अपाय होतो, म्हणून उगाच द्यायची नाहीत." म्हणजे माझा जीव आता त्या कुत्र्याच्या खाण्यापिण्यावर होता. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, पण मला कळलं.

संध्याकाळी वाडीतले बापये काठ्या घेऊन सरूकाकीच्या दारापुढच्या खळ्यात आले. माय त्यांच्या आणि बाळगोच्या मध्ये उभी राहिली. बुटकी बाई ती, सगळ्यांच्या खांद्याखाली.

"तुमी तेका मारलास तर माझ्या पोरीचा माका सांगतलो कोण?" ती म्हणाली.

त्यांनी काठ्या खाली घेतल्या. पण जाताना त्यांच्यातला एकजण सरूकाकीला बजावून गेला, "लाळ गळताना दिसलो काय मगे आमी कोणाक इचारूचव नाय." आता ऑक्टोबरच्या उन्हात कुठला कुत्रा जीभ बाहेर काढत नाही आणि कुठल्या कुत्र्याची लाळ गळत नाही? सरूकाकी त्या दिवसापासून एक फडकं घेऊन बाळगोजवळ बसायला लागली आणि सारखं त्याचं तोंड पुसायला लागली. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

ते दिवस कसे होते म्हणून सांगू? कापणी चालूच होती, तिला कुणाच्या दुखण्याशी देणंघेणं नसतं. बायका विळे घेऊन जायच्या, पेंढ्यांचे भारे यायचे, झोडणीचा धप्प धप्प आवाज सकाळपासून चालायचा आणि त्या प्रत्येक आवाजाला मी दचकायचे. माझ्यासमोर सगळे फार गोड बोलायचे. शेजारणी आपल्या घरातला खाऊ आणून द्यायच्या आणि देताना माझ्या डोळ्यांत टक लावून बघायच्या. मात्र कुणीही आपल्या पोरांना माझ्याजवळ येऊ देत नव्हतं. पोरं गडग्याआडून माझं नाव घेऊन म्हणायची, "फिलू आता कुत्र्यासारखी भुकाक लागतली." कुत्रा चावलेल्याला पाण्यात कुत्रा दिसतो, असंही त्यांनीच मला सांगितलं. मी तांब्या तोंडाला लावताना डोळे गच्च मिटायचे. आणि माय मी पाणी पिताना विणायची थांबायची. माझा घोट खाली उतरला की तिची सुई परत चालायला लागायची.

ती रोज सकाळी क्रोशाची पिशवी घेऊन सरूकाकीच्या खळ्यात जायची आणि बांधलेल्या बाळगोसमोर बसून विणायची. लोक म्हणाले, कमाल आहे या बाईची, पोरगी अशी असताना हिला विणकाम सुचतं. मला वाटतं, दुसरं काही तिला जमलंच नसतं. नुसतं बसून कुत्र्याकडे बघत राहिली असती तर तिला वेड लागलं असतं. हातात काम असलं की बघणं हेही कामच होतं. तो कसा श्वास घेतो, कान कुठे वळवतो, भाकरी कशी उचलतो, हे तिला विणायलाही हवं होतं आणि माझ्यासाठीही. दोन्हींतलं कुठलं कुठे संपत होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाळगो खात होता. पाणी पीत होता. छातीवरचा उलटा भोवरा विणून झाला आणि मायच्या मनासारखा झाला.

रविवारी आम्ही कपेलात मिसेला गेलो. परत आलो तर सरूकाकीचा भाऊ येऊन गेला होता. तो तळेऱ्याकडचा. कापणीनंतर तिकडचे लोक गाडीतून भात घेऊन किनाऱ्यावर यायचे आणि मीठ, सुकी मासळी घेऊन जायचे. गाडीखाली, दोन चाकांच्या मध्ये, त्याचा कुत्रा धावत यायचा आणि तसाच धावत परत जायचा. त्या सकाळीही एक कुत्रा गाडीखालून आला आणि एक कुत्रा गाडीखालून गेला. बघणाऱ्यांनी बघितलं आणि आपापल्या कामाला लागले.

सोमवारी बाळगो जेवला नाही.

भाकरी समोर पडून राहिली, मुंग्या लागल्या. तो पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडून होता. मायने हाक मारली, "बाळगो." त्याने कानसुद्धा हलवला नाही. "उन्हान तसो झालो," सरूकाकी म्हणाली आणि आत निघून गेली. मायने दुपारपर्यंत वाट बघितली, मग घरी येऊन ट्रंक उघडली आणि बेळगावला न्यायचे कपडे काढायला लागली. माझे दोन झगे, तिची साडी, पायांनी बोटीवरून आणलेला एक टॉवेल. प्रत्येकाची घडी नीट घातली. त्या दिवशी बेळगावकडे जाणारी मोटार मिळण्याची वेळ टळून गेली होती. उद्या सकाळी निघायचं ठरलं.

आणि मग रात्र होईपर्यंत काय करायचं, म्हणून ती विणायला बसली. गडग्याजवळ, तो पडलेला कुत्रा दिसेल अशी. छातीचा तुकडा तिने त्याच्या छातीशी धरून बघितला आणि तिचा चेहरा पडला. भोवरा चुकला होता. कुत्र्याच्या छातीवरचे केस सरळ बाजूला वळत होते, तिने विणलेले टाके उलट्या. "माझा डोक्या ठिकाणार नाय," ती पुटपुटली आणि दोरा ओढून सगळा भोवरा उसवून टाकला. जो भोवरा विणायला तिला तीन दिवस लागले होते तो. मग तिने कान मापून बघितला. कान दोऱ्यावरच्या गाठीपेक्षा लांब भरला. "दवान दोरो आटलो," असं म्हणून तिने विणलेला कानही उसवायला घेतला.

इथे मी नेहमी थांबते. पोरांना ही गोष्ट सांगतानासुद्धा इथे थांबते. कारण माझ्या मायची ती चूक तिच्यासारख्या माणसाचीच चूक होती. तिचा आयुष्यभराचा नेम होता, की जनावर आणि विणलेलं यांत फरक पडला तर विणलेलं चुकलं. जनावर कसं चुकेल? आपलं काम समोरच्या जिवाशी ताडून बघायचं आणि वेगळं दिसलं की आपलंच उसवायचं. एवढा नम्रपणा बरा नव्हे, असं मला आता वाटतं. पण तो नसता तर तिने एकही जनावर खरं विणलं नसतं.

अर्धा कान उसवून झाला आणि तिचे हात थांबले. तो दोरा तसाच बोटाला गुंडाळलेला ठेवून ती गडगा ओलांडून गेली. कुत्र्याजवळ बसली. डोळे मिटून त्याच्या छातीवरून, मानेवरून, कानांवरून हात फिरवत राहिली. मी गडग्यावरून बघत होते. मला वाटलं, आता हा तिलाही चावेल. पण त्याने मान उचलली आणि केविलवाणेपणाने तिचा हात चाटला.

सरूकाकी खळ्याच्या टोकाला सूप घेऊन भात पाखडत होती.

"सरू," माय म्हणाली, "बाळगो खंय आसा?"

सुपातलं भात सांडलं. सरूकाकीने ते गोळा केलं नाही. ती खालीच बसली आणि म्हणाली, "भावाकडे धाडलंय तेका. हो कुत्रो तेचो भाव, एकाच वेताचो." मग पदर तोंडात कोंबून म्हणाली, "तेची लाळ गळा होती, कारमेलबाय. तेंनी तेका मारल्यानी असतो."

मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला. हा कुत्रा आजारी नव्हता, परक्या घरात बांधला म्हणून झुरत होता, एवढं मला समजलं, आणि म्हणजे मी मरणार नाही असं मी ठरवूनही टाकलं. मायकडे बघितलं तेव्हा कळलं, की तसं नाही. मला चावलेला कुत्रा कुठेतरी दूर होता, आणि दोन दिवस त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो खात होता का, पीत होता का, होता तरी का, कुणाला ठाऊक. माय सरूकाकीला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी आम्ही तिघी निघालो. त्या झुरणाऱ्या कुत्र्याला आमच्या घरात आणून, शेजारच्या म्हाताऱ्या काकांना त्याला भाकरी-पाणी द्यायला सांगून. वाडीत मायने एवढंच सांगितलं की पोरीला डॉक्टरांना दाखवायला नेते. कसालला मोटार बदलायची होती. एक मोटार वर कणकवली, नांदगाव करत तळेऱ्याकडे जाणार, दुसरी खाली सावंतवाडीकडे, तिथून बेळगाव. दोन्ही उभ्या होत्या. माय मध्ये उभी राहिली, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात मी. तळेऱ्याला जाऊन कुत्रा आजारी निघाला, तर एक अख्खा दिवस वाया गेला असता. बेळगावला गेलं, तर धडधाकट पोरीच्या पोटात ती इंजेक्शनं. खाली जाणाऱ्या मोटारीच्या कंडक्टरने दोनदा विचारलं, बाई, बसताय ना? मायने सरूकाकीकडे बघितलं.

"तो थंय नसलो तर?"

माय वर जाणाऱ्या मोटारीत चढली. का, ते तिने कधीच सांगितलं नाही, आणि मी विचारायचं धाडस केलं नाही.

त्या मोटारीत लाल धूळ एवढी यायची की माणसं उतरताना ओळखू यायची नाहीत. मी दोघींच्या मध्ये बसले होते. नांदगाव मागे गेलं तेव्हा सरूकाकी समोर बघत म्हणाली, "बाळगो पिसाळलोलो नाय, ह्या माका ठावक होता."

"माका ठावक नव्हता," माय म्हणाली.

तळेऱ्याला उतरल्यावर दोघींनी पदर झटकून धूळ काढली आणि आम्ही चालायला लागलो.

सरूकाकीच्या भावाचं घर तिथून बरंच आत. पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खळ्यात भावजय होती. कुत्रा कुठे, तर म्हणाली, "आसतलो थंयच खंयतरी, शेतात." बांधला नव्हता. सकाळी जेवला का, तर तिला आठवत नव्हतं, कापणीच्या गडबडीत कोण बघतंय. मायने माझा हात इतका दाबला की मी ओरडले असते. सरूकाकी खळ्याच्या कडेला जाऊन हाका मारायला लागली. "बाळगोऽ, ये रे बाळगोऽ." खाली नुसती कापलेल्या भाताची बुडखी आणि लांबवर वाकलेल्या बायका. त्यांच्यातल्या एक-दोघी उभ्या राहून बघायला लागल्या. सरूकाकीचा आवाज चिरकायला लागला. मी तेव्हा पहिल्यांदा माझ्यासाठी प्रार्थना केली. त्याआधी मी फक्त शिकवलेल्या प्रार्थना म्हटल्या होत्या.

मग बांधाआडून तांबूस काहीतरी निघालं. आधी चालत आणि मग धावत. सरूकाकीच्या अंगावर उडी घेऊन तिचं तोंड चाटायला लागला. ती खाली बसून त्याला धरून रडत होती. मायने चुलीजवळची नारळाची एक करटी उचलली, तिच्यात पाणी ओतलं आणि ती त्याच्यासमोर ठेवली. तो सरूकाकीला सोडून आला, वास घेतला आणि पाणी प्यायला लागला. लपलप लपलप. करटी रिकामी होऊन खडखडली तरी चाटत राहिला. मायने त्याच्या छातीखाली हात घातला आणि भोवरा शोधला. उलटा होता. ती तिथेच मातीत बसली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

राहिलेले दिवस आम्ही तिथेच काढले. मायचा आता कुणावर विश्वास नव्हता. बाळगोला ओसरीच्या खांबाला बांधला आणि ती त्याच्यासमोर बसली. आम्ही ख्रिस्तांव, म्हणून आमचं जेवण ओसरीवर केळीच्या पानावर यायचं, त्या काळी तसंच असायचं, मायने त्यात काही वावगं मानलं नाही. सरूकाकी जेवण वाढायची, पाणी भरायची, बाळगोची घाण काढायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुखावलेल्या माणसांना एकाच छपराखाली राहावं लागणं यासारखी शिक्षा नाही. मायने भोवरा परत विणला, उलटा. कान परत विणला. पाय, शेपूट, पाठ, सगळं सावकाश एकत्र आलं. मी शेजारी बसून रोज सकाळी बघायचे, आज तो खातो का.

सरूकाकीचं चुकलं का? मी या प्रश्नावर आयुष्यभर माझी मतं बदलत आले आहे. लग्नाआधी मला वाटायचं, तिचं बरोबर होतं, तिची खात्री खरीच ठरली. माझा मुलगा झाला तेव्हा मला तिचा इतका राग आला की ती तेव्हा हयात नव्हती हे बरं झालं. कुत्रा ठणठणीत निघाला म्हणून तिचं वागणं ठीक ठरत नाही. तो तसा निघाला नसता, तर मी आज खिडक्या लावायला इथे नसते. आणि तरीही, आता या वयात, मला सारखं ते फडकं आठवतं, ज्याने ती त्याचं तोंड पुसत बसायची. एकीच्या ओटीत एकच जीव होता आणि दुसरीच्याही. दोघींनाही दुसरीचा जीव दिसत नव्हता असं नाही. दिसत होता. पण आपला आधी दिसत होता.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली त्या सकाळी बाळगोने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीसाठी भुंकला. माय ओसरीवर बसली होती. मांडीवर विणलेला बाळगो होता, पुरा झालेला, फक्त डोळे राहिले होते. डोळ्यांना ती रिठ्याच्या काळ्या बिया लावायची. हे काम ती कधी कुणाला बघूसुद्धा द्यायची नाही, दार लावून घ्यायची. डोळे कुठे बसवायचे, त्यात एका टाक्याचा फरक झाला तर जनावर परकं होतं, म्हणायची. त्या दिवशी ती बिया तळहातावर घेऊन बराच वेळ बसली. मग तिने सरूकाकीला हाक मारली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"हय ये. डोळे तू बसय."

सरूकाकी हात पुसत आली. "माका खंय येता?"

"तुका ठावक आसत तेचे डोळे," माय म्हणाली. "माका अजून नाय."

सरूकाकीने सुई घेतली. दोरा दोनदा निसटला. एक डोळा बसला. दुसरा बसला तो किंचित वर. तिलाही ते दिसलं, आणि आता हे उसवणार म्हणून ती मायकडे बघत राहिली. मायने तो विणलेला कुत्रा हातात घेतला, समोर धरून नीट बघितला आणि उरलेला दोरा दातांनी तोडून टाकला. मग उठून खऱ्या बाळगोच्या गळ्यातली दोरी सोडली. तो अंग झाडून उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीला टेकून बसले होते, चावलेला हात झग्यात लपवून.

"जा गो फिलू," माय म्हणाली. "खेळ तेच्याबरोबर."

त्या दिवसांत सगळ्यांनी मला खाऊ दिला होता, गोड बोलले होते, माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं होतं. जा, खेळ, असं मात्र कुणीच म्हटलं नव्हतं.